देवीचे पॉइंट

माय, काल दुपारी शेजारचे मास्तर आले होते. तू त्यांना ओळखत नाहीस. नांदेडला हे घर घेतलं ते तू गेल्यावर. त्यांची पोरगी दहावी झाली, तिला लातूरला क्लासला टाकायचं चाललंय, आणि मास्तरीणबाईंचं म्हणणं असं की मी पण सोबत जाते, खोली करून राहते, दोन वर्षं पोरीचं जेवणखाण बघते. जावं की नाही हे विचारायला मास्तर आबांकडं आले, कारण आपल्या घरानं हे सगळं आधीच करून बघितलंय हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. आबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि म्हणाले, "आईला नका पाठवू सोबत. होस्टेलात टाका पोरीला सरळ. आमच्या हिला पाठवलं होतं आम्ही. दोन वर्षं दुकान सोडून बसली तिथं, आन् हाताशी आलेल्या पोरीचं वाटोळं झालं. बायांला काय कळतंय त्यातलं." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. आत गेले, कप ठेवले आणि मास्तरांना विचारलं, साखर बरोबर आहे ना.

आबा हे रागानं म्हणत नाहीत. रागानं म्हणाले असते तर मी कदाचित भांडले असते. ते हे अगदी सहज म्हणतात, यंदा ऊन लई हाय म्हणावं तसं. तेरा वर्षं म्हणतायत. लग्नाकार्यात म्हणाले, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाले, मला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरही म्हणाले. त्यांच्या लेखी ते खरंच आहे. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणजे तूही ते खरंच मानून गेलीस. खोटं आहे हे माहीत असलेली मी एकटी आहे, आणि मी लोकांना साखर विचारत फिरते. म्हणून आज लॅबमधून सुट्टी घेतली आणि जुनी वही काढून बसले. आबा बाहेर पेपर वाचतायत.

लातूरची ती खोली तुला आठवत असेलच. तिसरा मजला, वर पत्रे, एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडं बघणारी. एका बाजूला तुझी गॅसची शेगडी, दुसऱ्या बाजूला माझं टेबल, आणि मधे आपण दोघी झोपायचो. त्या इमारतीत सगळ्या अशाच, एक आई आणि एक लेकरू. कुणी उदगीरची, कुणी अहमदपूरची, बाजूच्या खोलीत निलंग्याच्या काकू आणि त्यांची मुलगी. सगळ्या बाया आपापली घरं, नवरे, म्हशी मागं ठेवून आलेल्या, आणि सगळ्यांचं बोलणं एकच, आज टेस्टला किती पडले. तू माहूरचं दुकान ठेवून आलीस. गडाच्या पायथ्याशी आपलं ओटीच्या सामानाचं दुकान, नारळ, खण, बांगड्या, आणि कोपऱ्यात तुझा खलबत्ता. देवीच्या तांबूलाचा विडा तू कुटायचीस तसा त्या ओळीत कुणी कुटत नव्हतं. भाविक मुद्दाम विचारत यायचे, ती विडा कुटणारी बाई कुठंय. तू तो खलबत्ता धुऊन, फडक्यात बांधून माळ्यावर टाकलास आणि माझ्यासोबत एसटीत बसलीस. वाटेत मला म्हणालीस, "दोन वर्षं काय, अशी जातील." आणि दोन्ही हातांनी माझी पुस्तकांची पेटी धरून बसलीस, अर्धापूरपासून लातूरपर्यंत.

आता तो लॅपटॉप. पुण्याच्या मावसभावानं वापरून दिलेला. क्लासच्या सराव परीक्षा त्याच्यावर सोडवायच्या म्हणून घेतला, आणि पहिले काही महिने मी त्या खरंच सोडवल्या. मग वर्गातल्या एका मुलीनं पेनड्राइव्हवर एक गेम दिला. हे एकदा साधं लिहून टाकते, कारण हेच मला तुला कधी सांगता आलं नाही. तो खेळ होता, माय. एका राज्यात राक्षस माजलेत, आपण एक योद्धा निवडायचा आणि त्याला घेऊन शेवटपर्यंत जायचं. मी बाई निवडली, हातात तलवार, डोक्यावर मुकुटासारखं शिरस्त्राण. खेळ सुरू व्हायच्या आधी वीस पॉइंट देतात. ते पाच रकान्यांत वाटायचे. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, नशीब. जिथं जास्त घालाल तशी ती होते. पुढं खेळात एकेक पायरी चढलं की आणखी तीन पॉइंट मिळतात, तेही असेच वाटायचे. त्या वाटणीतच सगळी गंमत आहे. मी अख्खी दुपार नुसते पॉइंट इकडून तिकडं करत बसायचे. फिजिक्सचं पुस्तक टेबलावर उघडंच असायचं.

आणि मग एक दिवस तू मागं येऊन उभी राहिलीस. हात पिठाचे होते. पडद्यावर ती बाई, हातात तलवार, शेजारी पाच रकाने. तू हात पदराला पुसलेस आणि चक्क जोडलेस. "ही कोणती देवी गं?" तू विचारलंस. माहूरच्या बाईला हातात शस्त्र घेतलेली बाई दुसरी कोण वाटणार? त्या क्षणी मी हसले असते, अगं माय, हा खेळ आहे म्हणाले असते, तर तू चार शिव्या हासडल्या असत्यास आणि विषय संपला असता. पण माझ्या तोंडून निघालं, "क्लासच्या सरांनी दिलीय. प्रत्येकाची एक देवी असती. अभ्यासाचे पॉइंट मिळतात, ते हिच्यात घालायचे." इतक्या झटक्यात निघालं की मलाच माझं कौतुक वाटलं. मग मी रचतच गेले. ताकद म्हणजे फिजिक्स, चपळाई म्हणजे केमिस्ट्री, दम म्हणजे बायोलॉजी, बुद्धी म्हणजे इंग्रजी. एक धडा संपला की तीन पॉइंट येतात, आणि जिकडं घालू तिकडं आपला जोर वाढतो. तू सातवी शिकलेली, मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी, दुकानात भल्याभल्यांना न ऐकणारी बाई. पण लॅपटॉप इंग्रजीत बोलत होता आणि सांगणारी तुझी पोर होती. तू मान डोलावलीस आणि पाचव्या रकान्यावर बोट ठेवलंस. "आन् हे?"

"हे नशीब."

"ते असं डब्यात असतंय का कुठं?" तू म्हणालीस. "ते देवीकडं राहू दे. त्याच्यात नको घालूस तू काही. आपण आपल्या हातातलं बघावं."

तेव्हापासून तुझी रोज विचारणा सुरू झाली. दिवेलागणीला उदबत्ती लावायचीस, एक चक्कर लॅपटॉपभोवती ओवाळायचीस आणि विचारायचीस, "आज किती आले?" मी म्हणायचे तीन. "दमाला घाल," तू म्हणायचीस. मी चिडायचे. एकदा तर ओरडलेच की तुला यातलं काय कळतंय, सगळं दमालाच का घालायचं. तेव्हा तू भाकरी थापता थापता जे सांगितलंस ते मला शब्दनशब्द आठवतंय. "विडा कुटायला बसले की पयले शंभर घाव ताकदीनं पडतात. ते कुणीबी मारतंय. नवी सून आली तरी मारती. त्याच्यानंतरचे ताकदीनं न्हाई पडत बाई, ते दमानं पडतात. आन् विडा तिथंच मऊ होतो." तू पाठ फिरवल्यावर मी ते तीन पॉइंट ताकदीत घातले, कारण मला एक मोठी तलवार उचलायची होती.

त्या ताकदीचं आणखी एक सांगायचं आहे. त्या खेळात ताकदीवर हे ठरतं की बाई किती वजन घेऊन चालू शकते. चिलखत, ढाल, दोन तलवारी, औषधाच्या बाटल्या. मर्यादा ओलांडली की ती हळू चालायला लागते, पळता येत नाही. त्याचा मला फार वैताग यायचा. आणि लातूरला तेव्हा नळ आठ-आठ दहा-दहा दिवस यायचा नाही. टँकर आला की खाली हाका सुरू व्हायच्या आणि सगळ्या आया घागरी, कॅन घेऊन जिन्यावर. तीन मजले. बाकीच्यांची लेकरं हात लावायची. निलंग्याच्या काकूंची मुलगी दोन्ही हातांत कॅन घेऊन चढायची आणि वर जाऊन परत पुस्तक उघडायची. मी खुर्चीतून उठत नव्हते. एकदा काकूंनी दारातून हाक मारली, "ये की गं जरा, आईच्या हातातली घागर धर." तू जिन्यातूनच ओरडलीस, धापा टाकत, "तिला न्हाई बोलवू, तिचे पॉइंट चालू हायत." मी ते ऐकलं. माझं वजनाचंच चाललं होतं. एक लोखंडी ढाल टाकून द्यावी की ताकदीत आणखी एक पॉइंट घालावा, हा माझा प्रश्न होता. तू सात खेपा केल्यास त्या दिवशी आणि नंतर भिंतीला पाठ टेकून बसलीस, उजवा खांदा डाव्या हातानं दाबत. मला विचारलंस, चहा टाकू का. मी हो म्हणाले.

तू हे कुणाला सांगणार नाहीस असं मी धरून चालले होते. पण तुझ्या पोटात चांगली गोष्ट कधी राहिलीय? आठवड्याभरात काकू आल्या, पदर डोक्यावरून नीट घेऊन, देवळात यावं तशा, आणि मलाच म्हणाल्या, "अव्वा, माझ्या पोरीलाबी वाटून दे की ते पॉइंट. आमच्याकडं लॅपटॉप न्हाई म्हणून ती मागं राहावी का?" तू माझ्याकडं अशा अभिमानानं बघत होतीस की मला दुसरं काही सुचेना. मी वहीचा कागद फाडला, पाच चौकोन काढले, आकडे टाकले. नशिबात शून्य. काकूंनी तो कागद देव्हाऱ्याच्या मागं चिकटवला आणि मुलीला रोज विचारायला लागल्या की तुझे पॉइंट किती झाले. ती बिचारी पहाटेपासून पुस्तक घेऊन बसणारी. तिनं मला जिन्यात गाठलं. आवाज न चढवता म्हणाली, "तुझ्या आईला फसवतीस तर फसव. माझ्या आईला कशाला?" मी म्हणाले, गंमत आहे गं. ती म्हणाली, "मला न्हाई वाटत." आणि खाली निघून गेली. नंतर ती डॉक्टर झाली. मला कळलं तेव्हा मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते.

मग ती फेब्रुवारीतली दुपार. तू चुरमुऱ्यांचा सुशीला केला होतास, वरून दाण्याचं कूट, लिंबू. मी खेळातल्या एका गुहेत शिरले होते. आधीच्या तीन पायऱ्यांचे नऊच्या नऊ पॉइंट मी तुला न विचारता ताकदीत घातले होते. मोठी तलवार मिळाली होती, पण दम होता तेवढाच. आतून एक राक्षस आला, त्यानं एक फटका मारला, आणि ती एका फटक्यात गेली. पडदा लाल झाला. मी वळून बघितलं तर तू ताटली घेऊन उभी. तुझा चेहरा मी आधी एकदाच तसा बघितला होता, आजी गेली तेव्हा. "पडली," तू म्हणालीस. "देवी पडली." मी घाईघाईनं म्हणाले, अगं उठते ती, हे बघ, आणि जुन्या ठिकाणाहून खेळ परत उघडून दाखवला. ती उभी होती, तलवार घेऊन, धडधाकट. तू खूप वेळ बघत राहिलीस. "उठली ते बरं झालं," तू म्हणालीस. "पर पडली ती पडलीच. परीक्षेच्या तोंडावर हा शकुन बरा न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या चपला एका पिशवीत बांधून खिळ्याला टांगलेल्या होत्या. निकाल लागेपर्यंत पायात वहाण घालणार नाही, असं तू देवीला बोलली होतीस. नवरात्रात नऊ दिवस सगळेच पाळतात. तू चार महिने पाळायला निघालीस, लातूरच्या उन्हाळ्यात, डांबरी रस्त्यावर.

माय, तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी ते रोज मनात तयार करत होते. पण ते बोलले की लॅपटॉप जाणार होता, आणि मी खेळात अशा ठिकाणी आले होते की मला पुढचं बघायचं होतं. मोठं कारण काही नव्हतं. मी स्वतःला नंतर पुष्कळ कारणं देऊन बघितली, अभ्यासाचा ताण होता, वय लहान होतं, मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. त्यातलं थोडंफार खरंही असेल. पण तुझे पाय आणि तो लॅपटॉप असे दोन रकाने समोर होते आणि मी कुठं घातलं ते मला माहीत आहे.

दुपारी एक वाजता क्लासची सुट्टी व्हायची आणि तू डबा घेऊन फाटकाशी यायचीस. मार्च गेला, एप्रिल लागला. भिंतीची सावली तेव्हा वीतभर पडायची आणि तू त्या वीतभर सावलीत, एक पाय उचलून दुसऱ्यावर, मग दुसरा उचलून पहिल्यावर, अशी उभी असायचीस. माझ्या वर्गातल्या मुली बघायच्या. एक दिवस मी तुला म्हणाले, "घाल ना चप्पल. लोक बघतात. मला लाज वाटते." तू कसनुसं हसलीस, डबा दिलास आणि म्हणालीस, "उद्यापासून मी त्या झाडापाशी थांबत जाईन. तिथं कोण बघत न्हाई." आणि दुसऱ्या दिवसापासून तू लांब झाडापाशी थांबायला लागलीस, म्हणजे पन्नास पावलं जास्तीची. तुझ्या तळव्यांना फोड आले होते. तू खोबरेल लावून भिंतीकडं तोंड करून बसायचीस, मला दिसू नये म्हणून.

मात्र त्या दिवसानंतर मी तुझं ऐकायला लागले. ती पडल्यावर माझ्याही मनात काहीतरी बसलं असावं. आलेले तीन पॉइंट दमाला. परत तीन, दमाला. आणि तुझं बरोबर होतं गं. ती बाई बदलली. राक्षस मारून मारून थकायचे आणि ती उभीच. मेडिकलची परीक्षा तीन दिवसांवर असताना, भर दुपारी, मी खेळ संपवला. शेवटचा राक्षस पडला, राज्यात दिवे लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, "माय, झालं!" तू पोळपाटावरून उठलीस. "कोर्स संपला?" मी म्हणाले, "हाव." तू डबा उघडून चिमूटभर साखर माझ्या तोंडात घातलीस आणि लॅपटॉपच्या झाकणाला कुंकवाचं बोट लावलंस. ते कुंकू मी पुसलं नाही, तेवढं केलं.

निकाल माहूरलाच कळला. बारावी कशीबशी, आणि मेडिकलच्या परीक्षेत तर सांगण्यासारखं काही नव्हतं. फिजिक्स सगळ्यांत वाईट. आबांनी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं, मोठे काका आले, आणि आपल्या मधल्या खोलीत सगळे बसले. मी खाटेवर. तू दाराजवळ जमिनीवर, पाय पोटाशी घेऊन. मला कुणी काहीच विचारलं नाही. लेकरू आहे, त्याला काय कळतंय, असं काकांचं म्हणणं. ते तुलाच बोलत होते. "दोन वर्षं तिथं बसून केलंस काय तू? नुसत्या भाकरी? पोरगी काय करून राहिली, काय वाचून राहिली, ध्यान ठेवायला गेली होतीस ना?" आबा म्हणाले, "दुकान बसवलं माझं. कशासाठी बसवलं ते तरी सांग." मला वाटलं आता तू सांगशील की ही रोज लॅपटॉपवर होती, सरांनी दिलेली देवी होती, विचारा तिला. तेवढं सांगितलं असतंस तरी सगळं बाहेर आलं असतं. लॅपटॉप उघडला असता तर काकांच्या शाळकरी पोरालासुद्धा तो खेळ आहे हे कळलं असतं.

तू म्हणालीस, "माझंच चुकलं."

मग खाली बघत, हळू आवाजात, "तिला मी दमाला घाल म्हणत राहिले. सगळं बायोलॉजीतच गेलं. ताकदीला काही राहू दिलं न्हाई मी. फिजिक्सला पोरगी कमी पडली ते माझ्यामुळं. आन् नशिबालाबी घालू दिलं न्हाई. दोन तरी घालू द्यायला पाहिजे होते." काका आबांकडं बघायला लागले. "ही काय बडबडून राहिली?" त्यांना काही कळलं नाही. त्या खोलीत ते कळणाऱ्या आपण दोघीच होतो आणि त्यातली एक खरंच समजत होती की आपण पोरीचं आयुष्य चुकीच्या रकान्यात घातलं. त्या दिवशीपासून तू मला कशाचाही सल्ला दिला नाहीस. बी.एस्सी.ला नांदेडला जाऊ की यवतमाळला, विचारलं तर म्हणालीस, तुझ्या आबांला विचार, मला न्हाई कळत. दुकानात गिऱ्हाइकाला हिरवा खण घ्या की लाल, हे सांगणारी तू, तेही सांगायची बंद झालीस. विडा मात्र कुटायचीस. खांदा दुखायचा तरी.

दोन वर्षांनी तू इथं नांदेडला दवाखान्यात होतीस. चार दिवस. मी तुझ्या खाटेशी स्टुलावर होते, आबा खाली चहाला गेले की आपण दोघीच असायचो, एकेक तास. माझ्याजवळ वाक्य तयार होतं. तिसऱ्या दिवशी तू जरा बरी होतीस, उशीला टेकून बसलीस आणि विचारलंस, "ती देवी हाय का गं अजून तुझ्याजवळ?" आता, मला वाटलं. आता बोलायचं. मी म्हणाले, "हाय." तू म्हणालीस, "असू दे. तिचा काही दोष न्हाई." मी तुझ्या पायांवरची चादर सारखी केली. चौथ्या दिवशी तू कुणाला ओळखत नव्हतीस.

आता लिहिते. ऐक. दमाला घाल हे तू बरोबर सांगितलं होतंस. फिजिक्सला मी कमी पडले, कारण मी फिजिक्स वाचलंच नाही. तुझा एकही पॉइंट चुकला नाही. तू सांगितलेलं जिथं गेलं तिथं ती बाई जिंकली, आणि नशिबात शून्य ठेवून जिंकली. देवी नव्हती ती, सर नव्हते, काही नव्हतं. मी होते फक्त. तू दोन वर्षं ध्यान ठेवलंस, तुझ्याइतकं कुणाच्याच आईनं ठेवलं नसेल, आणि तू ज्याच्यावर ठेवलंस ते मी बनवलेलं होतं.

हे लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की झालं की बाहेर जाऊन आबांना वाचून दाखवायचं, आणि मग शेजारी जाऊन मास्तरीणबाईंना सांगायचं की तुम्ही जा पोरीसोबत. मास्तरीणबाईंना मी कदाचित सांगेन. आबांना नाही सांगणार. ते एवढी वर्षं तुला बोलले, त्याचं आता या वयात ते काय करतील, असं मी मनाला समजावते. पण ते कारण खरं नाही. मला त्यांच्यासमोर ती पोरगी व्हायचं नाही, एवढंच आहे. ही वही कपाटात जाईल, माझ्या कागदांच्या खाली.

आणि एक राहिलं. हे मी स्वतःशीही कधी म्हटलेलं नाही. त्या दिवशी मधल्या खोलीत तू माझंच चुकलं म्हणालीस ना, तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. वाईट नंतर वाटायला लागलं, तू गेल्यावर. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. सगळे उठले, काका गेले, आणि मला भूक लागली, किती तरी दिवसांनी. मी पोटभर जेवले, माय. दोन भाकरी झाल्यावर तिसरी मागितली, आणि तू उठून वाढलीस.